मतपत्रिकेवरचं श्री

“आम्ही इंग्रज माणूस मागितला होता,” डॉ. साठ्ये म्हणाले.

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी नुकतीच मतपेटी टेबलावर ठेवली होती. माझा बॉस कीथ गाडी पार्क करायला गेला होता. त्यामुळे डॉक्टरांना जे म्हणायचं होतं ते मराठीत आणि मोकळेपणाने म्हणता आलं.

ब्रॅकनेलच्या आमच्या छोट्या कंपनीचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या निवडणुका घेणं. संस्था, क्लब, युनियन, ज्यांचा आपापसात विश्वास उरलेला नाही ते आमच्याकडे येतात. आम्ही मतपत्रिका पाठवतो, परत आलेल्या मोजतो आणि निकालाचं सर्टिफिकेट देतो. त्यावर सही करणाऱ्याला स्क्रुटिनीर म्हणतात. स्क्रुटिनीर बाहेरचाच हवा, हा पहिला नियम.

इथल्या एका मराठी संस्थेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. गेली कित्येक वर्षं डॉ. साठ्येच अध्यक्ष होते. साठच्या दशकात इंग्लंडला आलेले, निवृत्त जीपी. त्यांच्या विरोधात नीलिमा कदम उभी होती, पुण्याहून आयटीत आलेली प्रोजेक्ट मॅनेजर. मराठी माणूस म्हटला की तो कुणाचा ना कुणाचा असतोच, म्हणून दोघांनी मिळून इंग्रज कंपनी शोधली. मतपत्रिकेवरच्या सूचना मात्र मराठीतही हव्या होत्या. मग कंपनीने आपला एकुलता एक मराठी माणूस पाठवला. तो मी.

“आडनाव काय म्हणालात?”

“कांबळे.”

“बरं, बरं,” डॉक्टर म्हणाले. त्या दोन ‘बरं’च्या मध्ये काय असतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे. पुढे त्यांनी शांतपणे सांगितलं, की मोजणीत जरा जरी वावगं दिसलं तर ते कंपनीकडे लेखी तक्रार करतील. माझं वर्क परमिट रिन्यू व्हायचं होतं आणि त्याचे कागद कीथच्या सहीसाठी त्याच्या टेबलावर पडले होते. तक्रार झाली असती तर ते तिथेच पडून राहिले असते. मला धडकी भरली होती, पण तोंडावर हसू ठेवून मी पेटीचं सील दोन्ही उमेदवारांना दाखवलं.

मोजणीला दोन्ही उमेदवार समोर बसतात. आधी शंकास्पद मतपत्रिका वेगळ्या काढायच्या आणि त्यांचा निकाल लावायचा, मगच बाकीची मोजणी. निकाल लावताना उमेदवारांची नावं आणि मताची फुली यांवर मी जाड पुठ्ठा ठेवते. मत कुणाला पडलंय हे कळायच्या आत ते चालेल की नाही, हे ठरलं पाहिजे. नाहीतर माणसाला आपल्या मतात गुण दिसतात आणि दुसऱ्याच्या मतात दोष.

शंकास्पद म्हणजे सहसा दोन-चार असतात. इथे गठ्ठा झाला. प्रत्येकीच्या डोक्यावर, मधोमध, दोन उभ्या रेघांच्या आत लिहिलं होतं: ॥ श्री ॥

कीथ पुढे झुकला. ही कसली खूण, त्याने विचारलं. मी सांगितलं, की आमच्याकडे पुष्कळ लोक कोऱ्या कागदाला पेन लावताना आधी देवाचं नाव लिहितात. लग्नाची यादी असो नाहीतर किराण्याची.

“बाद कर,” कीथ म्हणाला.

त्याचंही चूक नव्हतं. मतपत्रिकेवर मतदार ओळखू येईल अशी खूण असेल तर ती बाद, असा नियम आहे. मत विकत घेणारा म्हणतो, कोपऱ्यात फूल काढ, म्हणजे तू शब्द पाळलास हे मला कळेल. त्या फुलावर हा उपाय.

मी उमेदवारांचं म्हणणं विचारलं. डॉक्टर लगेच म्हणाले, “नियम म्हणजे नियम. बाद करा. आमचे लोक चाळीस वर्षं इथे फॉर्म भरतायत, असला गावठीपणा करत नाहीत. ही सगळी नवीन आलेली मंडळी.”

ही मतं नव्या मंडळींचीच, म्हणजे आपली, असं नीलिमालाही बहुधा वाटलं असावं. “अहो, त्यात काय एवढं?” ती म्हणाली. “इंटेन्शन क्लिअर आहे ना? मोजा की.”

आता सगळे माझ्याकडे बघत होते. कीथ मला बाजूला घेऊन म्हणाला, “क्लायंटचा अध्यक्ष बाद कर म्हणतोय, मीही म्हणतोय. उद्या तक्रार आली तर मला तुला सांभाळून घेता येणार नाही.”

“यावरून माणूस ओळखता येईल का?” मी विचारलं. “गठ्ठाभर कागदांवर तेच आहे. ओळखायचं कुणाला?”

कीथने पुठ्ठा न हलवता गठ्ठ्याच्या वरच्या कडा एकदा चाळल्या आणि हात वर केले. सही माझी होती. मी त्या मतपत्रिका ग्राह्य धरल्या, तसं लिहिलं आणि मगच पुठ्ठा उचलला.

पहिलं मत डॉ. साठ्यांना होतं. दुसरंही त्यांनाच. पाचव्या-सहाव्या कागदानंतर नीलिमाने पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वी घर सोडलेल्यांनी श्री बरोबर आणलं होतं आणि जपून ठेवलं होतं. काल-परवा आलेल्या पोरांनी निमूटपणे फुली मारली होती. तो गठ्ठा नसता तर डॉक्टर सरळ हरले असते. ते ज्या फरकाने जिंकले, त्याहून गठ्ठा मोठा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

हॉल भरल्यावर नियमाप्रमाणे मावळत्या अध्यक्षांनी, म्हणजे त्यांनीच, निकाल वाचला. मग ब्रिटिश निःपक्षपातीपणावर सुरेख भाषण केलं आणि कीथला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या पडल्या. मी पेटी आवरत होते. राग आला, खोटं कशाला बोलू?

नीलिमा माझ्यापाशी आली. “मॅडम, तुमच्या घरी लिहितात श्री?”

“नाही. आम्ही बौद्ध.”

“मग त्यांच्यासाठी एवढं भांडलात कशाला?”

“मत बाद करायला कारण लागतं,” मी म्हणाले. “मोजायला लागत नाही.”

तिला ते आवडलं नाही. पण तिने सर्टिफिकेटच्या खाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि हरणाऱ्याची सही म्हणजे काय चीज असते, हे या धंद्यात असलेल्यालाच कळेल.

परतताना कीथच्या गळ्यात शाल तशीच होती. “माझं ऐकलं असतंस तर हा माणूस हरला असता,” तो म्हणाला.

“हो.”

“त्याला ते कळलंय?”

“चष्मा पुसला तेव्हा कळलं होतं. भाषण देईपर्यंत विसरले.”

कीथ बराच वेळ हसला. सोमवारी त्याने माझ्या कागदांवर सही केली. हरलेल्याला निकाल पटावा म्हणून आमचे सगळे नियम असतात. जिंकलेल्याला आपण कशामुळे जिंकलो हे कबूल करायला लावेल, असा नियम अजून कुणी लिहिलेला नाही.