दुकानात चालतं, घरी चालत नाही

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला कादरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं स्टेशनरीचं. पंधरा वर्षं आमचा चहा एकत्र आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा मला हक्क आहे. कादरभाई हुशार आहेत. हे ते स्वतःच रोज सांगतात, म्हणून मी वेगळं सांगत नाही.

मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकून त्याला उठवायचं, हा त्यांचा हातखंडा. लिनक्सचा पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला असतो. आधीचा कुणीतरी उसना नेला तो परत दिला नाही, तेव्हापासून हा नवा झोपतानासुद्धा गळ्यातच, असं त्यांच्या पत्नी मुमताजभाभी सांगतात. टेबलावर मशीन आलं की आधी पेनड्राइव्ह खोचायचा, मग बटण दाबायचं. काम संपलं की मशीन बंद आणि पेनड्राइव्ह परत गळ्यात.

मागच्या महिन्यात वस्तीवरच्या आदिनाथने जुना कॉम्प्युटर आणला. तो हवा होता त्याच्या आईला, राहीबाईंना. त्या काळा मसाला करून विकतात. पाकिटांवरची लेबलं स्वतः टाईप करायची म्हणून त्या बचत गटाच्या वर्गात मराठी टायपिंग शिकल्या होत्या. कादरभाईंनी लिनक्स टाकलं, चालवून दाखवलं. घरी राहीबाईंनी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि मशीन तिथंच थांबलं.

आदिनाथने मशीन परत आणलं. दुकानात ते लगेच सुरू झालं.

"तुमच्या वस्तीवरची लाईट खराब हाय," कादरभाई म्हणाले.

दुसऱ्या खेपेलाही दुकानात सुरू. "टेबल हालत आसंल तुमचं."

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "घरी मशीन कोन लावतं?"

"आई."

"मंग त्यांना सांग, उगं कायबी दाबू नका म्हनावं."

नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशीचा चहा त्यांचा होता, म्हणून चहाबरोबर गिळलं.

आठवड्याने मसाला आणायला मी वस्तीवर गेलो. मशीनवर टॉवेल टाकलेला होता आणि राहीबाई पाकिटांवर पेनाने नाव लिहीत बसल्या होत्या.

"माझ्याच हातानं बिघडतंय म्हनत्यात समदी," त्या म्हणाल्या. "आता मी न्हाई जात तिकडं."

मला कादरभाईंचा खरंच राग आला. तडक दुकानात जाऊन मी त्यांना वस्तीवर चला म्हटलं.

"मी काय कल्हईवाला हाय व्हय, दारोदार हिंडायला?"

"मग उद्यापासून चहा एकट्यानं प्या," मी म्हटलं. ते आले.

वस्तीवर त्यांनी सवयीने पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच बिघडलो होतो. मग मशीन बंद करून, पेनड्राइव्ह गळ्यात घालून ते निघाले.

"आता वहिनींना लावू द्या," मी म्हणालो.

राहीबाई पुढे येईनात. फार आग्रह केला तेव्हा बटण दाबलं. पडदा काळा.

"बघा, आईचा हात लागला," आदिनाथ म्हणाला.

कादरभाईंनी स्वतः दाबलं. तरी काळा. मग त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह मुठीत धरला. आता हे व्हायरसवर ढकलणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"वहिनी, चूक माझी हाय," ते म्हणाले. "मशीनला उठवनारा एक बारका प्रोग्रॅम आसतो. तो कुठं टाकायचा त्याची यादी येती, आन मी न वाचता वरची ओळ निवडतो. तुमच्या मशीनच्या यादीत वर माझा पेनड्राइव्हच हुता. तो प्रोग्रॅम मी गळ्यात घालून हिंडतोय. तुमचं मशीन उठनार कशानं?"

पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि चिडवायची चांगली संधी असूनही मला चिडवावंसं वाटलं नाही.

त्यांनी पेनड्राइव्ह लावून मशीन उठवलं, तो प्रोग्रॅम आतल्या डिस्कवर टाकला, मशीन बंद केलं आणि खुर्ची सोडली. राहीबाईंनी पदराला हात पुसून बटण दाबलं. पडदा उजळला.

आदिनाथ हसला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी मशीन पुन्हा बंद केलं.

"घरातल्या समद्यांना हाक मार," त्या त्याला म्हणाल्या. "त्यांच्यासमोर लावते."