बाईंच्या वजनाची गाडी

"वजन विचारलं तर राग नाही ना येणार, बाई?"

"छप्पन्न किलो. कशाला? मला विकायला काढलंस की काय?"

"विकायचं तुमच्या मुलाच्या डोक्यात आहे, तेही गाडीला. बसा आत. तिकडे नाही, स्टिअरिंगपुढे."

"ती ह्यांची जागा."

"आता चालवणार कोण?"

बाई कुरकुरत बसल्या. गाडीखाली, गॅरेजच्या खड्ड्यात पाना घेऊन मिस्त्री उभा.

दोनच माणसं मावतील अशी ती लाल स्पोर्ट्स गाडी डोळ्यांच्या डॉक्टरांची. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती कापडाखाली. आता मुलानं गिऱ्हाईक शोधलेलं. बाई म्हणाल्या, आधी मी चालवून बघते. कंबर शाबूत राहिली तर गाडी आपली, नाहीतर ने म्हणावं. हे ऐकलं आणि मिस्त्री कामाला लागला. तेहतीस वर्षं दुरुस्तीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्या गाडीला लागला नव्हता.

महिनाभर तो तिच्याखाली होता. स्प्रिंगा उतरवल्या, शॉकअप नवे भरले, चाकं धरून ठेवणारे लोखंडी आर्म काढून घासूनपुसून रंगवले. त्यांच्या टोकांचे रबरी बुश हातात भुगा होऊन आले. एक मात्र पाहुणचाराला चटावलेल्या जावयासारखा आठवडाभर जागचा हलेना.

पहिल्यांदा हे बुश बदलले तेव्हा मिस्त्री सव्वीसचा. लग्नाला पंधरा दिवस झालेले, जीव सगळा घराकडे. गाडी जॅकवर, चाकं खाली लोंबकळत, आणि यानं तशातच बोल्ट करकचून आवळले. रबर त्या लोंबत्या अवस्थेतच जखडलं. गाडी खाली उतरवली तर छाती काढलेल्या कोंबड्यासारखी उभी, आणि अंगावर भार पडला की रबराला कायमचा पीळ. चार महिन्यांत बुश फाटले. खड्डा आला की गाडी कण्हायची.

डॉक्टर तणतणत आले. गॅरेज तेव्हा वस्तादाचं, मिस्त्री त्याच्या हाताखाली. मिस्त्रीकडे ढुंकूनही न बघता वस्ताद म्हणाला, "चूक माझी, डॉक्टर. डोळ्यांनी दगा दिला."

"मग उद्या दवाखान्यात या," डॉक्टर म्हणाले. वस्तादाला जावं लागलं!

त्यानंतर वस्तादानं दंडकच घालून दिला: गाडी चाकांवर, माणसं आत, मगच शेवटचा पाना. दर खेपेला डॉक्टर स्टिअरिंगपुढे बसायचे, शेजारी बाई मासिक वाचत, आणि खालून मिस्त्री ओरडायचा, "हलू नका!"

"शेजारी रेतीचं पोतं ठेवू का?" आता त्यानं खालून विचारलं. "डॉक्टरांच्या वजनाचं?"

"नको. मी एकटीच असणार."

मिस्त्रीनं वर येऊन गाडी पुढून-मागून दाबून हलवली, बसू दिली, पुन्हा खाली उतरला.

"मिस्त्री, वस्तादाचे डोळे लख्ख होते रे."

पाना थांबला. "काय?"

"तपासले ना ह्यांनी! घरी येऊन पोट धरधरून हसले. म्हणाले, म्हातारा सुईत दोरा ओवेल, कुणाला तरी पाठीशी घालतोय."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"नवं लग्न झालेलं तुझं. म्हणाले, बायकोपुढे मान खाली जायला नको पोराची."

खालून एकेक बोल्ट आवळल्याची करकर.

"हलू नका, बाई," तो म्हणाला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. खड्ड्यात धूळ फार.

बाई गाडी घेऊन गेल्या. दहा मिनिटांची फेरी म्हणाल्या होत्या, तास झाला. मिस्त्रीनं तोच स्वच्छ पाना चारदा पुसला. शेवटी कोपऱ्यावर लाल नाक दिसलं. उंचवट्यावरून गाडी आली, एकदाच दबली, एकदाच उठली, गप्प.

"कंबर?"

"जागेवर आहे."

शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी होती. वरून कोथिंबीर डोकावत होती.

"बाजारात गेलात?"

"गाडी घरची आहे, तर कामं नकोत का करायला? मुलाला कळवलं, गिऱ्हाईक परत पाठव म्हणून. आणि तू दात काय काढतोस? तो टेम्पोवाला सकाळपासून ताटकळलाय."

मिस्त्रीनं पाना खिशात खोचला आणि टेम्पोखाली शिरला.