मापाचा फ्रॉक

गणवेशाच्या दुकानात काल शेजारच्या सुलभाताई भेटल्या. त्यांच्याबरोबर नऊ वर्षांची मीनू होती. तिच्या आईवडिलांचं काही ठरेपर्यंत, सहा महिन्यांसाठी म्हणून, बालकल्याण समितीने तिला सुलभाताईंकडे सांभाळायला दिलं. त्याला चार वर्षं झाली; मुदत संपत आली की आणखी सहा महिने मिळतात.

दुकानदार सवयीने म्हणाला, "वाढत्या अंगाचा घ्या ताई, पुढच्या वर्षीही होईल."

लहानपणी माझे सगळे फ्रॉक असेच असायचे, खाली चार बोटं दुमडलेले. मला लाज वाटायची. पुढच्या वर्षीही मी याच घरात असणार, हे आई त्या दुमडीत शिवून ठेवायची, ते तेव्हा कुठे कळत होतं.

सुलभाताई दरवर्षी मापाचाच घेतात आणि दिवाळीपर्यंत तो आखूड होतो. काल मात्र त्यांनी मोठा फ्रॉक उचलला आणि बराच वेळ त्याची शिवण चाचपत राहिल्या.

मीनूने तो त्यांच्या हातातून घेतला, नीट घडी करून परत ठेवला आणि दुकानदाराला समजावल्यासारखं म्हणाली, "मापाचाच द्या काका. आमचं सहा महिन्यांचंच असतं."