वीस मिनिटं पुढचं घड्याळ

चहा आधी संपवा. कारण मी काय करून बसलो हे ऐकल्यावर ‘हा माणूस शाळेत मुलांना शिकवतो?’ असं तुम्ही म्हणणार, आणि तोवर चहा गार होणार.

तर सुरतेत, आमच्या उधन्याच्या घरात, स्वयंपाकघरात, एक घड्याळ आहे. ते वीस मिनिटं पुढे असतं. बिघडलेलं नाही हो! मुद्दाम पुढे ठेवलेलं. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या आळसापायी आमची भुसावळकडची पॅसेंजर चुकली आणि तिच्या सख्ख्या भावाची हळद तिच्याशिवाय लागली. परत आल्यावर तिने स्टूल घेतलं, काटे पुढे सरकवले आणि म्हणाली, “आता हे असंच राहील.”

तसंच राहिलं. घड्याळात बघायचं आणि वीस वजा करायचे, ही आमच्या घरची रीत. सुमनला जाऊन वर्ष झालं. घड्याळ तसंच आहे. लोक म्हणाले, बरोबर करून घ्या. मी म्हणालो, ते बरोबरच आहे. लोक असंही म्हणाले की वेळ हेच औषध असतं. मी त्यांना विचारलं, कोणत्या घड्याळाने? त्यानंतर कोणी औषध सुचवलं नाही.

वर्षश्राद्धाला नंदुरबारहून माझी मोठी बहीण आली. आक्का. श्राद्ध झालं, पाहुणे गेले, आक्का राहिली. तिने मनाशी ठरवलं होतं की भावाचं आता काही खरं नाही, याला गावी न्यायचा. पुरावे गोळा करणं चालू होतं. एकदा दूध उतू गेलं. एकदा मी शाळेत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेलो. आता मला सांगा, अंधाऱ्या जिन्यात कोणाच्या चपला बदलत नाहीत? पण आक्का ऐकेल तर शपथ!

त्यात वरच्या मजल्यावरची हेतल आली. लहानपणी आमच्याच घरी खेळलेली गुजराती पोरगी, आता मानसशास्त्रात पीएच.डी. करते. माणसाला वेळेचा अंदाज कसा येतो, आठवण आणि मनाची अवस्था यांनी तो कसा बदलतो, असा काहीतरी तिचा विषय.

“काका, जोडीदार गेलेली माणसं मला हवीत,” ती बिचकत म्हणाली. “दुःखात वेळ लांबतो की आखडतो, ते बघते आहे. तुम्हाला चालेल ना?”

“चालेल. माझा वेळ लांबलेलाही नाही आणि आखडलेलाही नाही. लिहून घे.”

आक्काने यातून एवढाच अर्थ काढला की डोकं तपासणारी डॉक्टरीण फुकटात घरी येते आहे. तिने मला दाराआड गाठलं.

“पास व्हयना ते मी परवा एकली जास. नही ते राजीनामा दे आणि मन्हा संगे चाल!”

म्हणजे बघा! पास झालो तर ती एकटी परत जाणार, नाही तर मी तिच्याबरोबर. माझी नोकरी, माझं घर, सुमनचं स्वयंपाकघर, सगळं एका चाचणीवर आलं. मी म्हणालो, “ठरलं. पास होऊन दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेतल कागद घेऊन आली. आल्या आल्या तिने माझं मनगटी घड्याळ आणि मोबाइल काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

“काका, घड्याळ जोवानुं नहीं. किती वेळ गेला ते मनानेच सांगायचं. या खोलीत दुसरं घड्याळ नाही ना?”

“या खोलीत नाही,” मी म्हणालो. धर्मराजाचा रथ जमिनीवर आला तो अशाच कुठल्याशा उत्तरामुळे!

बसण्यापूर्वी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आक्का भाकरी थापत होती. भिंतीवर पाच वाजून वीस मिनिटं. मनात नोंद केली. वीस वजा करायचीसुद्धा गरज नव्हती. घड्याळ कितीही पुढे असो, दोन वेळांमधला फरक तेवढाच राहतो. गणिताचा मास्तर आहे मी!

हो, आणि हेही सांगून टाकतो. याच मास्तराने उभ्या आयुष्यात पोरांच्या मोज्यांतून, बाह्यांतून, कंपासपेटीच्या बुडातून कॉप्या काढल्या आहेत. मला कोणी फसवू शकलेलं नाही. असो.

हेतलने चेहऱ्यांच्या फोटोंचा गठ्ठा दिला. हसरे इकडे, उदास तिकडे. मग शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे म्हणायला लावले. मग पुन्हा चेहरे. एक बाई हसत होती की रडत होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. मनात म्हटलं, अर्धा तास तरी गेला असेल. पण मनावर भरवसा ठेवून परीक्षा देतो तो मूर्ख! “घसा कोरडा पडला,” म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकघरात घड्याळाखालच्या स्टुलाला अडखळलो. वर बघितलं. पाच वाजून पंचवीस.

फक्त पाच मिनिटं?

म्हणजे दुःखात वेळ लांबतो म्हणतात ते खरं? पाच मिनिटांचा मला अर्धा तास वाटला? पण बरं झालं, वेळेवर बघितलं! मी तोंडावरचे भाव नीट करून बाहेर आलो.

“बोला काका, आपण बसल्यापासून किती वेळ झाला?”

मी डोळे मिटले. थोडा विचार केल्यासारखं केलं. संशय नको म्हणून एक मिनिट वाढवलं.

“सहा मिनिटं.”

हेतलचं पेन थांबलं. “आणि खात्री किती? दहापैकी?”

“दहापैकी दहा!”

“काका, पुन्हा एकदा विचार करायचा असेल तर...”

“अकरा लिही!”

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागली, ती नजर मी ओळखतो. वर्षभर पाहिली आहे. दारात आक्का पिठाच्या हातांनी उभी होती.

“सहा मिन्ट? मी आख्ख्या भाकरी थापी टाक्यात! गयं रे बाप, मन्हा भाऊनं डोकं गयं!” आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

आता मात्र माझं डोकं खरंच सटकलं. “चला, दोघी चला!” मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि घड्याळाकडे बोट केलं. “किती वाजले?”

“साडेपाच,” हेतल म्हणाली.

“वीस वजा करा. पाच वाजून दहा. आपण बसलो पाचला. मग मी काय चुकीचं सांगितलं?”

हेतलने हळूच मोबाइल पुढे केला. त्यावरही साडेपाच.

“तुझा मोबाइल वीस मिनिटं पुढे आहे.”

“काका, मोबाइल पुढे नसतो.”

“आक्का, तुझा दाखव!”

आक्काच्या मोबाइलवरही साडेपाच.

“मग दोन्ही पुढे आहेत!” मी ओरडलो. “सुरतेतले सगळे मोबाइल पुढे असतील! हे घड्याळ चुकायचं नाही! हे सुमनने लावलंय!”

मग आक्का नाक ओढत म्हणाली, “आरे, ते घड्याय वीस मिन्ट पुढे व्हतं. उद्या मन्ही गाडी शे. तू फोटो लावत व्हता, तवय मी बरोबर करी टाकं.”

मी स्टुलाकडे बघितलं. स्टुलावर पीठ सांडलेलं होतं.

आता माझी अवस्था ध्यानात घ्या. गप्प राहिलो तर मी वेडा, आणि उद्याच्या गाडीने नंदुरबार. खरं बोललो तर... काय निवडाल तुम्ही? मी छाती पुढे काढली आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं,

“मी वेडा नाही! मी कॉपी केली!”

“काका! तमे चोरी करी?” हेतलचा चेहरा पडला.

आक्काचा मात्र फुलला. “लबाड शे! मन्हा भाऊ लबाड शे! चांगला शे!” तिने पिठाच्या हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

हेतलने कागदावर आडवी रेघ मारली. “काका, हे आता वापरता येणार नाही. पण एक सांगा, घड्याळ बघितलं नसतं तर काय उत्तर दिलं असतं?”

“अर्धा तास.”

“तुम्ही बसला होतात पंचवीस मिनिटं. आत्तापर्यंतच्या सगळ्यांत तुमचंच उत्तर सगळ्यात जवळचं आलं असतं!”

त्या संध्याकाळी, आक्का अंघोळीला गेली असताना, मी स्टुलावर चढलो आणि काटे पुन्हा वीस मिनिटं पुढे सरकवले. कोणाला विचारलं नाही. माझं घर आहे.

सकाळी घड्याळ बघितलं, रिवाजाप्रमाणे वीस वजा केले आणि आक्काला घेऊन निघालो. उधना स्टेशनवर पोहोचलो तर गाडीचा पत्ता नाही. मी तडक चौकशीच्या खिडकीवर.

“गाडी लेट आणि तुम्ही साधं सांगतही नाही?”

“गाडी टाइमसर छे, काका,” खिडकीतला माणूस म्हणाला. “तुमच्या घड्याळात किती वाजले?”

मी ऐटीत मनगट वर केलं. मनगट मोकळं. घड्याळ आणि मोबाइल रात्रभर हेतलच्या पिशवीत!

मागे आक्का चुळबुळत होती. “भाऊ, चिडू नको. पहाटे मी ते घड्याय वीस मिन्ट पुढे करी टाकं. सुमननं घड्याय शे, म्हटलं तसंच ऱ्हाऊ दे.”

तिचे वीस, माझे वीस; मी वजा केले फक्त वीस. मग आम्ही बाकावर बसलो. आक्काने भाकरी-ठेचा सोडला. भावाची हळद लागून गेल्यावर सुमन कशी सगळ्यांत शेवटी पोहोचली आणि आल्या आल्या मला मांडवातच कशी बोलली, ते आक्काने साग्रसंगीत सांगितलं. मी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा तिचं नाव निघालं आणि कोणी आवाज खाली आणला नाही. एवढ्यात गाडी आलीसुद्धा. आक्का एकटीच गेली.

घरी आलो तर जिन्यात हेतल, हातात माझं घड्याळ आणि मोबाइल.

“काका, किती वेळ बसावं लागलं स्टेशनवर?”

“छे, बसलो कुठे? पाच मिनिटं.”

“खात्री?”

“दहापैकी दहा!”

तिने माझाच मोबाइल माझ्यापुढे धरला. आक्का गेलेल्या गाडीची वेळ तिला पाठ होती आणि आम्ही घरून निघालो ती वेळ तिने गच्चीतून बघून ठेवली होती. रस्त्याची मिनिटं वजा केली, तरी आम्ही निदान वीस मिनिटं बसलो होतो!

आणि या वेळी, सुमनच्या घड्याळाची शपथ, मी कॉपी केली नव्हती.