चष्मेवाले आतोबा आणि गोठवायचं भांडं

आमच्या आतोबांनी आइस्क्रीमच्या हव्यासापायी फ्रीजचं दार कापलं, असं आमच्या इमारतीत सगळीकडे पसरलं आहे. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई तर करवतीचा आवाजही काढून दाखवतात. वाईट काढतात. करवत तशी वाजत नाही, आणि मुळात करवत नव्हतीच.

खरं काय ते सांगते. आतोबांनी दार कापलं नाही, दाराच्या आतला कप्पा कापला. तोही दुकानात नेऊन, चष्म्याच्या काचा घासायच्या चाकावर. आणि आइस्क्रीमसाठी तर मुळीच नाही. आइस्क्रीमने त्यांचे दात शिवशिवतात. 'मोजताना माझं चुकलं' एवढं एक वाक्य तोंडातून काढावं लागू नये, म्हणून कापला.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते वरच्या. आई-बाबा दोघंही कामावर असतात, म्हणून शाळेतून आले की मी आत्याकडे जेवते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच लोळते. त्यामुळे बाकी विषयांत माझी बोंब असली तरी आतोबा हा विषय तोंडपाठ आहे. त्यांचा आवाज मी असा काढते की एकदा आत्याने स्वयंपाकघरातून मलाच "अहो, आलात का?" म्हणून विचारलं. आतोबा मला टेप म्हणतात. "टेप, बंद हो."

ते चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात. दुकान त्यांचं नाही, ते डॉक्टर नाहीत, पण पांढरा कोट घालतात. मालकाने सांगितलेला नाही, स्वतः हौसेने शिवून घेतलाय. एखादं गिऱ्हाईक "डॉक्टरसाहेब" म्हणालं की ते मान किंचित खाली घालतात. नाही म्हणत नाहीत. आतल्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट ठेवायची, भिंगं आत-बाहेर सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं... की हे बरं?" आवाज नाकातून, आणि मधला तो विराम इतका लांब की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं व्हावं.

दुकानात निदान समोरच्याचं उत्तर ऐकावं लागतं. घरी ती अडचण नाही. पडदे असोत, साबण असो, पायपुसणं असो, आतोबा दोन वस्तू समोर धरतात, "हे बरं... की हे बरं?" विचारतात, आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत तिसरंच काहीतरी बांधून घेतात. त्यांनी आणलेल्या सोफ्यामुळे बाहेरच्या खोलीचं दार अर्धंच उघडतं, आणि पाहुणे आडवे होऊन आत येतात. त्यांनी आणलेल्या शेगडीचे दोन बर्नर इतके जवळ आहेत की एकावर कुकर ठेवला तर दुसऱ्यावर फक्त वाटी बसते. आत्या त्या शेगडीसमोर उभी असते तेव्हा सर्कशीतल्यासारखी दिसते. एका हाताने कुकर तिरका धरायचा, दुसऱ्याने पातेलं आत सरकवायचं.

"तुम्हाला पसंत करायच्या वेळी मला कुणी दुसरं भिंग लावून दाखवलंच नाही," आत्या एकदा त्या कुकरच्या वाफेतून म्हणाली. मी इतकी हसले की पाणी नाकातून आलं.

"दाखवलं असतं तरी तू हेच बरं म्हणाली असतीस," आतोबा म्हणाले. पेपरातून डोकं वर न काढता. असा हा माणूस.

ती शेगडी आता मोडकळीला आली होती आणि नवी घ्यायची होती. आत्याला रुंद हवी होती, तीन बर्नरची, जिच्यावर दोन मोठी पातेली शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतील अशी. "शेगडी मी बघतो," असं आतोबांनी जाहीर केलं, आणि आत्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या डोक्यात आइस्क्रीमचं मशीन शिरलं. कुण्या गिऱ्हाइकाने अंधाऱ्या खोलीत बसून आपल्या घरच्या मशीनचं कौतुक केलं होतं. यांना ते सहन झालं नाही.

आत्याने ही संधी अशी पकडली की मी मनात टाळ्या वाजवल्या. "आणा," ती म्हणाली. "रविवारी दादा-वहिनी जेवायला येतायत. त्यांच्या वाटीत तुमच्या मशीनचं आइस्क्रीम पडलं, तर शेगडीही तुम्हीच आणा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही पडलं, तर शेगडी मी निवडणार. तुम्ही दुकानाबाहेर उभं राहायचं."

"मंजूर," आतोबा म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर शोभा व्हायची कल्पनाही यांना सोसत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

मशीन घ्यायला आम्ही तिघं गेलो. विक्रेता पोरगेलासा होता, पण त्याला त्याचं काम येत होतं. त्याने तीन मशीनं दाखवली. पहिलं म्हणजे बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि मीठ, आणि हाताने फिरवायचा दांडा. दुसऱ्यात दुहेरी भिंतींचं एक जाड भांडं होतं. ते आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखं गोठवायचं, मग मशीनवर बसवायचं, आणि पातं फिरू लागलं की वरून मिश्रण ओतायचं. तिसरं स्वतःच गार होणारं, आत छोटा कॉम्प्रेसर असलेलं, जड.

"हाताने फिरवायचं घ्या," आत्या म्हणाली. "तेवढाच तुमच्या हाताला व्यायाम."

"आणि त्या तिसऱ्याला फ्रीजरची गरजच नाही, साहेब," विक्रेता म्हणाला.

आतोबांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. "हे म्हणजे फ्रीजच आहे. घरात एक फ्रीज असताना दुसरा फ्रीज कोण घेतं? हे मधलं द्या."

"मग आधी तुमच्या फ्रीजरमध्ये भांडं मावतंय का, ते बघून या. बरेच लोक इथेच फसतात."

झालं. आतोबांनी कोटाच्या खिशातून आपली ती बोटभर पट्टी काढली. (हो, कोट घालून आले होते.) "मी माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर केसभरही न चुकता मोजतो," ते नाकातून म्हणाले. "आणि मला फ्रीजर मोजता येत नाही?" फ्रीजरचं माप ते घरून घेऊनच आले होते. आता त्यांनी भांडं मोजलं. पट्टी लहान, भांडं मोठं, म्हणून ती पुढे पुढे सरकवत, श्वास रोखून. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर भांडं फ्रीजरमध्ये अगदी बेताचं गेलं. आतोबा आमच्याकडे वळून असे उभे राहिले, जणू फ्रीजर त्यांनीच खोदला होता. मग आत्याने दार लावलं. लागलं नाही. पुन्हा ढकललं. दाराच्या आतल्या बाजूला मटारची पाकिटं ठेवायचा एक कप्पा होता, आणि दार मिटलं की तो आत येत होता. आतोबांनी फ्रीजर मोजला होता तो दार उघडं ठेवून. गिऱ्हाइकाचे डोळे उघडे असतानाच मोजायची सवय, दुसरं काय!

"दार उघडं ठेवून मोजलंत होय?" आत्याने अगदी गोड विचारलं.

"माप बरोबर आहे. कप्पा जास्त पुढे आलाय," आतोबा म्हणाले. तो कप्पा खेचून काढला, काखेत मारला आणि दुकानात गेले. परत आले तेव्हा कप्प्याला मधोमध एक सुबक, गुळगुळीत, अर्धगोल खाच पडली होती. भांडं त्यात असं बसलं, जशी चष्म्याच्या चौकटीत काच बसावी. काम सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. फक्त तेव्हापासून फ्रीजर उघडला की त्या खाचेतून मटारचं पाकीट थेट पायावर पडतं.

पहिल्या प्रयोगाला आतोबांनी बंद मशीनमध्येच मिश्रण ओतलं आणि मग बटण दाबलं. दूध, क्रीम आणि साखर भांड्याच्या भिंतीला अशी चिकटली की पातं जागचं हलेना. नुसतं टक, टक, टक. आतोबा कान लावून ऐकत राहिले.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"जुळवून घेतंय."

"आधी पातं फिरू द्या, मग ओता, असं त्या पोराने सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

"त्याने विकायचं काम करावं."

दुसऱ्या प्रयोगाला मात्र चमत्कार झाला. आतोबांनी बटण दाबलं, चुकून आधीच दाबलं, आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नव्या चष्म्याने जिना वाकडा दिसतो म्हणून. ते बाहेरच्या खोलीत जाऊन त्याला जिनाच वाकडा असेल हे पटवत बसले. इकडे आत्याने फिरत्या पात्यावर मिश्रण ओतलं आणि कुणी झाकण उघडलं नाही, कुणी बोट घातलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मिश्रण घट्ट होत गेलं, फुगत गेलं, आणि चमच्यावर उभं राहिलं. खरंखुरं आइस्क्रीम! मी दोनदा घेतलं.

आतोबा आत आले, बघितलं, आणि कोट झटकला. "बघा. मशीनवर विश्वास ठेवावा लागतो." आत्याने शेगडीकडे एकदा पाहिलं आणि वाट्या विसळायला घेतल्या. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, ती रुंद शेगडी तिच्या हातून चाललीय. मला त्या आइस्क्रीमचाच राग आला.

रविवारी सकाळी मी वर गेले तेव्हा आतोबा शीळ घालत होते. ती शीळ ऐकून माझं डोकं फिरलं.

"आज नाही होणार," मी म्हणाले.

"टेप, बंद हो."

"पैज लावा. आइस्क्रीम झालं नाही, तर आज सगळ्यांसमोर 'मी चुकलो' असं तुमच्या तोंडून निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

माझा नंबर वाढला होता आणि नवा चष्मा करायचा होता. मी एक बारीक काळी चौकट मनात धरून ठेवली होती, हे त्यांना माहीत होतं. "तर तुझी चौकट मी निवडणार," ते म्हणाले. मी हातावर टाळी दिली. आइस्क्रीम फसलं की समोर पातळ दूध, समोर थोरला भाऊ, आत्या कमरेवर हात ठेवून उभी. अशा वेळी माणूस दुसरं म्हणणार तरी काय?

जेवणं झाली. आता मशीन लावायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण प्रेक्षक मिळाले की आतोबांमधला दुकानदार जागा होतो. त्यांनी दगडासारखं गोठलेलं भांडं फ्रीजरमधून काढलं (मटार पडले) आणि मशीनवर न ठेवता थेट दादांच्या मांडीवर ठेवलं.

"हात लावून बघ, दादा. दुहेरी भिंत. मधे द्रव आहे, तो गोठतो. वहिनी, तुम्हीही धरून बघा. वजन बघा ना."

"बाई, किती गार!" वहिनींनी ते ओढणीत गुंडाळून कुशीत घेतलं.

 आत्या नुसती भिंतीला टेकली. भांडं दादांकडून वहिनींकडे, वहिनींकडून परत दादांकडे गेलं. आतोबा मधे उभे राहून तिन्ही मशीनांची तुलना सांगत होते, पट्टीने हवेत मापं दाखवत होते, त्या विक्रेत्याच्या अज्ञानावर हसत होते. दादांनी भांडं कानाशी नेऊन हलवलं.

"आत पाणी वाजतंय रे."

"वाजणारच," आतोबा म्हणाले.

मग त्यांनी ते मशीनवर बसवलं, पातं सुरू केलं, मिश्रण ओतलं. सगळं अगदी शिस्तीत. पातं फिरत राहिलं आणि दूध दूधच राहिलं. आम्ही बसलो. वहिनींनी एक जांभई गिळली. आतोबांनी झाकण उघडलं, एक डोळा मिटून आत पाहिलं, झाकण लावलं. शेवटी आत्याने मशीन बंद केलं, वाट्या मागे सारल्या आणि पेले आणले.

दादांनी एक घोट घेतला. "छान आहे. पण हे प्यायचं असतं का?"

मी पुढे सरसावले. माझ्या अंगाला खाज सुटल्यासारखं झालं होतं. "बोला, आतोबा. काय झालं?"

आतोबांनी पेला खाली ठेवला. "मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "फ्रीजर लहान आहे. पुरेसं गोठवत नाही."

"फ्रीज कुणी निवडला होता?" आत्या, मी आणि दादा, आम्ही तिघांनी एकदमच विचारलं.

 मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ओठ उघडले, 'मी' एवढं बाहेरही पडलं, आणि मी जवळजवळ उडीच मारली.

"मीच," आतोबा म्हणाले. "तेव्हा तो बरोबर होता. आताही बरोबर आहे. दोन बरोबर वस्तू एका घरात आल्या, एवढंच झालंय."

दादा हसून हसून खोकायला लागले. आत्या मात्र हसली नाही. तिने विचारलं, "शेगडी?"

"तू निवड," आतोबा म्हणाले, एखाद्या गिऱ्हाइकाला चष्मा पुसायचं फडकं फुकट दिल्याच्या थाटात.

दुसऱ्याच दिवशी ती गेली आणि तीन बर्नरची रुंद शेगडी घेऊन आली. आतोबा खरोखर दुकानाबाहेर उभे होते. मी बघितलं, कारण मी शेजारीच उभी होते आणि पुनःपुन्हा विचारत होते, "म्हणा ना. आता तरी म्हणा. कुणी ऐकत नाहीये." ते सोफा हरले असते, फ्रीज हरले असते, कोटसुद्धा त्यांनी उतरवून दिला असता, पण तो शब्द दिला नाही. एवढा कोडगा माणूस मी पाहिला नाही, आणि मी त्याच्याशीच त्या शब्दाची पैज लावली!

चौकट त्यांनी निवडली. तपकिरी, जाड, कानामागे पोचल्यावर वळून पुन्हा पुढे येईल की काय अशा दांड्यांची. वर्गात मला आता सगळे हेडमास्तर म्हणतात.