फलकाआडचा पर्जन्यमापक

शाळेच्या मैदानात गुडघाभर पाणी साचत असताना ग्रामपंचायतीच्या पर्जन्यमापकात पाऊस एवढा कमी का भरत होता, या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. उत्तर लवकर सापडले. त्याची शिसारी मात्र अजून गेलेली नाही.

मलकापूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात मी विज्ञान शिकवत होते. जूनमध्ये पावसाने उघडीप दिली की भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्याला, नदीचे पाणी द्यावे लागे. त्यासाठी काठावरच्या दगडी कट्ट्यांवर पंपाच्या मोटारी बसवलेल्या असत. नदी चढण्याआधी मोटार वर काढली नाही तर ती बुडते. उगीच काढली तर तरवा वाळतो. शिवाय ती काढायला चेनपुली आणि सात-आठ गडी लागतात. म्हणून पाणी चढणार की नाही, हे आदल्या दिवशी कळणे फार गरजेचे होते.

पंचायतीच्या अंगणात सरकारी पर्जन्यमापक होता. शिपाई रोज सकाळी त्यातले पाणी मोजून आकडा फळ्यावर लिहीत असे. काही पावसाळे मी तो आकडा आणि नदीची पातळी ताडून पाहिली. डोंगर जवळ असल्याने हिशेब सोपा होता: लागोपाठ दोन दिवसांचा पाऊस एका मर्यादेपलीकडे गेला की तिसऱ्या दिवशी पाणी कट्ट्यांना लागे. ती मर्यादा मी फळ्याच्या कोपऱ्यात तांबड्या खडूने लिहिली. लोक आधी हसले. पुढे फळा पाहूनच मोटारी काढू लागले.

दोन हजार सालानंतर गावोगाव डिजिटल फलकांची साथ पसरली. एका जूनमध्ये पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा घराएवढा फलक पंचायतीच्या अंगणात उभा राहिला, तोही पर्जन्यमापकाच्या पश्चिमेला, अगदी खेटून. आमच्याकडे पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. मापकात पडायचे थेंब आता साहेबांच्या छापील गालांवर आपटून खाली ओघळू लागले.

मी शाळेच्या मैदानात उंच ओट्यावर बिस्किटांचा एक डबा ठेवला. डब्याच्या भिंती सरळ असल्या की तोंड लहान असो वा मोठे, आत साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. लागोपाठ दोन दिवस पट्टीने मोजले. डब्यातला पाऊस फळ्यावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता आणि तांबड्या मर्यादेपलीकडे गेला होता.

मी सरपंचांकडे गेले.

"बाई, सायबांचं तोंड हाय त्यावर," ते म्हणाले. "हलवायचं कुणी?"

"मग मापक हलवा."

"ते सरकारी हाय की! त्याला हात लावला तर तालुक्याला उत्तर कोन देनार?"

मी फळ्यावर लिहिले: 'फलक आड येत असल्याने आकडा कमी आहे. मोटारी काढाव्यात.' दुपारी पाहते तो ओळ पुसलेली. शिपाई खाली मान घालून म्हणाला, "वरनं सांगितलंय, बाई."

माझ्या थोरल्या दिरांची मोटार अजून काठावर होती. मी धावत गेले. ते पारावर चौघांत बसले होते.

"मास्तरीनबाई, फळा बघा म्हनून तुमीच शिकिवलं न्हवं? आकडा तांबड्याच्या खाली हाय."

"भावजी, आकडा खोटा आहे. मी डब्यात मोजलंय."

"सरकारी भांडं खोटं आन् बिस्किटाचा डबा खरा व्हय?" पारावर हशा पिकला. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "आन् शुभेच्छुकांत माझा बी फोटू हाय की. आता मीच मोटार काढली तर लोक काय म्हनतील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कट्टे बुडाले. भावजींची मोटार गेली, तशी आणखी पुष्कळांची. पाणी उतरले आणि लगेच कडक ऊन पडले. गाळ भरलेल्या मोटारी दुरुस्तीच्या दुकानासमोर रांगेने पडून राहिल्या, आणि तेवढ्या दिवसांत तरवा पिवळा पडून करपला. भावजींची खाचरे त्या वर्षी पड राहिली. त्या वाफ्याकडे मी त्यांना एकदाच पाहताना पाहिले. नंतर ते त्या बाजूला फिरकले नाहीत.

अंगणातल्या त्याच बांबूंवर आठवड्यात नवा फलक चढला. साहेब हात जोडून उभे होते आणि खाली लिहिले होते: 'सदैव पूरग्रस्तांच्या पाठीशी'. मापक त्याच्याही आडच होता. शिपाई रोज सकाळी आकडा लिहीतच होता आणि तो तालुक्याला जातच होता.

नियम साधा आहे. मापकाजवळ भिंत, झाड किंवा फलक असेल, तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मधे मोकळे हवे. मी सांगते म्हणून हे मानू नका. आपल्या गावचा पर्जन्यमापक जाऊन पाहा, अंतर मोजा, मोकळ्या जागी सरळ भिंतींचा डबा ठेवा आणि दोन्ही आकडे स्वतः पडताळून घ्या, ही विनंती.