पुन्हा म्हणायची नोकरी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावच्या ट्रंक कॉलच्या बोर्डावर लागले, तेव्हा साऱ्या इंग्रजी क्रियापदांतलं एकच माझ्या वाट्याला आलं, रिपीट. पलीकडच्याने नंबर सांगितला की तो तसाच रिपीट करायचा आणि मगच जोडून द्यायचा. पदरचा शब्द घालायचा नाही. एकदा मी कोणाला तरी ‘रिपीट अगेन’ म्हटलं, तर सुपरवायझरबाई कडाडल्या. रिपीट म्हणजेच पुन्हा म्हणणं, त्यावर आणखी अगेन कशाला? आमच्या चाळीत मात्र सगळे बिनदिक्कत ‘परत रिपीट कर’ म्हणायचे आणि नापास झालेली पोरं वर्ग रिपीट करायची.

ऐकलेलं रिपीट करायची खोड घरीही सुटेना. गिरगावातल्या खोलीत मी आणि बाबा, दोघंच. आई गेल्यापासून बाबा फार तर वस्तूंची नावं घ्यायचे.

“मीठ.”

“मीठ,” म्हणत मी बरणी पुढे करायची.

ते चिडतील, निदान भांडण तरी होईल, असं वाटायचं. तेही नशिबात नव्हतं. दिवसभर माणसं कानात बोलायची, पण माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. फार एकटं वाटायचं, आणि बाबांचा रागही यायचा.

एके दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई बंद होती. लालबाग-परळकडे गोळीबार झाल्याची बातमी पसरली आणि बोर्डावरचे कॉलचे दिवे विझेचनात. पुण्याहून, नाशकाहून घाबरलेले आवाज येत होते. आमचा माणूस घरी पोचला का, एवढंच प्रत्येकाला विचारायचं होतं. मी नंबर रिपीट करत राहिले. धीराचा शब्द द्यायची मुभा नव्हती. माझी चौकशी करणारा फोन तर कुठूनच येणार नव्हता.

ट्राम बंद, म्हणून चालत घरी आले. बाबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. मला पाहून उठले.

“जेवण झालं?”

कित्येक महिन्यांनी अख्खं वाक्य. पण दमलेल्या तोंडातून सवयीने तेच बाहेर पडलं, “जेवण झालं?”

बाबा थबकले. “नाही,” म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. “तुझी आई गेल्यापासून हे कोणी विचारलं नाही गं.”

मला तरी आजवर कुठे विचारलं होतंत, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

“चला, भात टाकते,” मी म्हणाले. दिवसभरातले माझे स्वतःचे शब्द तेवढेच.